पाचपैकी पाच

माझा अंगठा फोनला कळत नाही. बावीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलतोय, बोटांवरच्या रेघा गोणपाटाने खाऊन टाकल्या. आधार कार्ड काढताना मशीनवाल्याने अकरा वेळा अंगठा दाबून घेतला आणि वर मलाच विचारलं, "काका, हात धुऊन आलात ना?" मी म्हणालो, "धुतलेत बाबा, कळायला लागल्यापासून रोज धुतोय." तो हसला नाही. मशीनही मानली नाही.

हे आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं ते या बोटांपासूनच सुरू झालं.

माझी मुलगी प्रियदर्शिनी, घरात दर्शू, खारघरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या भावकीत एवढं शिकलेली मुलगी दुसरी नाही. जूनमध्ये कॉलेजने ॲप आणलं. अर्धे तास वर्गात, अर्धे मोबाईलवर. सकाळी आठ ते दहा ॲपवर धडा उघडतो, सर बोलतात, मध्येच प्रश्न टाकतात, दोन मिनिटांत उत्तर द्यायचं. दिलं तर हजर, नाही तर गैरहजर. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली तरच परीक्षेचं हॉल तिकीट.

ॲप चालेल असा फोन घरात एकच, माझा. सकाळी आठ ते दहा मी कुठे असतो? मार्केटात, पाठीवर पन्नास किलो घेऊन. आणि फोन कुठे असतो? माझ्या छातीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. कारण आमच्या टोळीचा कारभारही मोबाईलवर गेलाय. कुठल्या गाळ्यावर कुठली गाडी लागली ते मुकादम ग्रुपवर टाकतो. मेसेज बघितला नाही तर गाडी दुसऱ्यांनी खाली केलेली असते. पूर्वी मुकादम बोंबलायचा, सगळ्या मार्केटाला ऐकू जायचं. आता त्याचा घसा वाचतो आणि आमची मजुरी जाते.

आता कोणी शहाणा म्हणेल, पोरीला दुसरा फोन घेऊन द्यायचा. दिला होता. तुर्भ्यातून जुना घेतला. त्यात ॲप टाकलं तर ॲपने सांगितलं, हा फोन फार जुना आहे, मी यावर चालत नाही. दुकानदाराकडे परत गेलो. तो म्हणाला, "काका, फोन वाजतो ना? बोलता येतं ना? मग खराब कसा?" त्याचंही खरं, ॲपचंही खरं. खोटे काय ते आम्हीच. तो फोन आता दर्शूच्या आईकडे आहे. ती ज्या सोसायटीत धुणीभांडी करते तिथल्या बायका त्यावर तिला 'आज लवकर ये' म्हणून फर्मान सोडतात. नवा फोन घ्यायची ऐपत आमच्याकडे दिवाळीला येते, आणि परीक्षा दिवाळीच्या आधी.

पहिला महिना मी फोन घरी ठेवून कामाला गेलो. दर्शूची हजेरी शंभर टक्के, माझ्या गाड्या निम्म्या. आमचा मुकादम भगवान, माझ्याच पाटण तालुक्यातला. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, "हौसेराव, तुला शोधायला मी काय कबुतर पाळू? फोन आन, नायतर दुसरी टोळी बग."

मी फोन न्यायला लागलो.

मग दर्शूनेच वाट काढली. तिची मैत्रीण अक्षता खारघरला टॉवरमध्ये राहते. तिचा भाऊ बाहेरगावी गेला होता, त्याचा जुना फोन घरात पडून होता. जुना म्हणजे गेल्या वर्षीचा. दर्शू साडेसातला तिच्याकडे जायची आणि त्या फोनवर आपलं ॲप उघडायची. पण ॲपला खात्री पाहिजे असते. फोन बदलला की ते दर वेळी ओटीपी पाठवतं, आणि तो येतो ॲडमिशनच्या वेळी दिलेल्या नंबरवर. म्हणजे माझ्या छातीवर.

रोज आठला पाच कमी असताना पिशवीत फोन वाजायचा.

"पप्पा, आला का नंबर?"

"थांब, गोणी टाकू दे."

"पप्पा, एकच मिनिट असतं!"

"अगं, पाठीवर आहे माझ्या, खाली सोडू का कोणाच्या पायावर?"

गोणी टाकायची, पिशवीतून फोन काढायचा, मेसेजवर बोट ठेवायचं. बोट ठेवलं तरी काही हलत नाही. लॉक काढून टाकलं होतं, तरी मेसेज उघडायला कातडी लागतेच, आणि माझ्या बोटांना कातडी उरलेली नाही, नुसता घट्टा आहे. वर कांद्याची धूळ. शेवटी मी नाकाने दाबायला शिकलो. नाक चालतं. सगळी टोळी खिदळायची. भगवान ओरडायचा, "बगा रं, हौसेराव फोनचा मुका घेतोय! वयनींना सांगू का?"

कधी नंबर मिनिटाच्या आत पोचायचा, कधी नाही. तिचं शिक्षण माझ्या नाकावर चाललं होतं.

ऑगस्टमध्ये ते सर्वेक्षण आलं.

दुपारची साडेअकराची वेळ. गाड्या उरकल्या होत्या, गाळ्यावर चहा आला होता. फोन वाजला. दर्शूच्या वर्गाचा ग्रुपही माझ्याच फोनवर होता, त्यात काहीतरी इंग्रजी लांबलचक पडलं. एवढं कळलं की बारा वाजेपर्यंत काहीतरी करायचंय. दर्शू तेव्हा वर्गात. अक्षताला फोन लावला, तिने उचलला नाही. मी विलासभाऊंकडे गेलो. विलासभाऊ गाळ्याचे मेहताजी, सगळी लिहापुसी त्यांच्याकडे. उलव्याला फ्लॅट घेतलाय, स्वतः ग्रॅज्युएट आहेत.

"भाऊ, हे बघा जरा. पोरीच्या कॉलेजचं दिसतंय."

त्यांनी चष्मा वर केला. "सर्व्हे आहे. 'विद्यार्थी मोबाईलवर शिकणं का स्वीकारतात, त्यावर परिणाम करणारे घटक.' आशुतोष सर कोण? त्यांच्या पीएचडीचं दिसतंय. भरणं कंपल्सरी आहे."

"मार्क आहेत का याला?"

"रोल नंबर मागतायत. म्हणजे असणारच."

तिथे मी फसलो. का फसलो ते सांगतो. आमच्या गावच्या शाळेत तपासणीला साहेब यायचा. आदल्या दिवशी गुरुजी सांगायचे, साहेबाने काहीही विचारलं की हो म्हणायचं. दूध मिळतं का? हो. पुस्तकं मिळाली का? हो. गुरुजी मारतात का? तिथे फक्त नाही. एकदा एका पोराने खरं सांगितलं. साहेब जीपमध्ये बसून गेला, छडी मागे राहिली. कागद वरून आला की त्यावर चांगलंच लिहायचं, हे आमच्या रक्तात उतरलंय. मी सातवीपर्यंत शिकलो आणि त्यातलं एवढंच लक्षात राहिलं.

"भरून टाका भाऊ. माझी बोटं चालत नाहीत."

"एक ते पाच द्यायचे. एक म्हणजे बिलकूल नाही, पाच म्हणजे एकदम कडक."

"पाच."

"अरे, प्रश्न तर वाचू दे!"

"वाचा."

"'माझ्याकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे.'"

गाळ्यावर शेठ बसलेले. दोन गिऱ्हाइकं. भगवान चहा फुंकत माझ्याकडे बघत होता. एवढ्या लोकांत म्हणू, माझ्या पोरीकडे फोन नाही?

"आहे की. पाच."

"'घरी इंटरनेट चांगलं चालतं.'"

"पाच."

"'घरी अभ्यासाला शांत जागा आहे.'"

आमची खोली दहा बाय पंधरा, खाली पिठाची गिरणी. "पाच," मी म्हणालो.

भगवान म्हणाला, "हौसेराव, बंगला कधी घेतलास रं? वास्तुशांतीला बोलावलं नाहीस."

सगळे हसले, मीही हसलो. विलासभाऊ वाचत गेले. मोबाईलवर शिकणं उपयोगाचं वाटतं? पाच. सोपं वाटतं? "तिला सगळंच सोपं वाटतं भाऊ, हुशार आहे ती. पाच." सगळे तास मोबाईलवर झाले तरी चालतील? पाच. मग ते म्हणाले, "'माझ्या घरच्यांचा मला यासाठी पाठिंबा आहे.'"

"याला सहा देता येतात का?"

"पाचच आहेत."

"मग पाच."

शेवटी एक मोकळी चौकट होती. काही अडचणी असल्यास लिहा. विलासभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आमची खोली माहीत होती. "लिहू का काही?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिहा, काही नाही."

घरी गेल्यावर दर्शूला सांगितलं, "तुझ्या सरांचा फॉर्म भरून टाकला." ती पीठ मळत होती. "बरं झालं पप्पा. मला आज फोनच मिळाला नसता." काय भरलं ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दिलेले मार्क कोणी सांगत बसतं का? मला वाटलं होतं, पैकीच्या पैकी आणलेत.

सप्टेंबरात कॉलेजने नोटीस लावली. सर्वेक्षणात ब्याण्णव टक्के विद्यार्थी मोबाईल शिक्षणाला तयार आढळले, म्हणून शेवटच्या वर्षाचे सगळे तास ॲपवर. वर्ग बंद. वर्गात जी हजेरी हक्काने लागायची तीही गेली. अक्षताचा भाऊ परत आला, त्याने आपला फोन घेतला. मग कधी अक्षताचाच, तिचं उत्तर देऊन झालं की, कधी तिच्या आईचा. ऑक्टोबरात यादी लागली. प्रियदर्शिनी हौसेराव, एकसष्ट टक्के. पालकांना घेऊन भेटणे.

मी खाडा केला. लग्नातला पांढरा शर्ट काढला. कॉलेजच्या सहाव्या मजल्यावर उपप्राचार्य नंदिनी मॅडमची केबिन. आशुतोष सर बाजूला लॅपटॉप घेऊन. तरुण माणूस, बोलायला गोड. "काका, बसा ना." मी खुर्चीच्या कडेवर बसलो.

दर्शूने अर्ज लिहून आणला होता. घरात फोन एक, तो वडिलांना कामावर लागतो, मी मैत्रिणीकडे जाऊन तास केले, ज्या दिवशी ओटीपी वेळेत पोचला नाही त्या दिवशी गैरहजेरी लागली. सरळ, एका पानात. तिने तो वाचून दाखवला. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

मॅडम म्हणाल्या, "अगं, पण ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी आपण लॅबमध्ये सोय केली होती. सकाळी आठ ते दहा. सात मुलांनी घेतली, सगळ्यांना हॉल तिकीट मिळालं. तू का नाही आलीस?"

"मला कोणी सांगितलंच नाही, मॅडम."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. "सर्व्हेमध्ये ज्यांनी फोन नाही असं लिहिलं, त्यांनाच मेसेज गेला. तुझं बघ, प्रियदर्शिनी. स्वतःचा फोन, पाच. इंटरनेट, पाच. शांत जागा, पाच. अडचणी, काही नाही."

दर्शू पडद्याकडे बघत राहिली, खालपर्यंत. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती परत पुढे वळली आणि म्हणाली, "सर, फॉर्मवर लिहिलं होतं की उत्तरं फक्त संशोधनासाठी आहेत."

सर खाकरले. "हो, म्हणजे तसंच आहे. पण ऑफिसने यादी मागितली. मुलांच्या सोयीसाठीच."

"माझ्याकडून चुकून भरलं गेलं, सर."

"वीस प्रश्न चुकून?" मॅडम म्हणाल्या.

पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती. मी उभा राहिलो.

"मॅडम, ते तिने नाही, मी भरलं. तिला माहीतही नाही काय भरलंय. फोन माझ्याकडे होता. माझी बोटं चालत नाहीत म्हणून आमच्या गाळ्यावरच्या विलासभाऊंनी दाबलं, मी सांगत गेलो. तिची काही चूक नाही. तिला आत्ता त्या सात मुलांत धरा."

आयुष्यात पहिल्यांदा मी वरून आलेल्या कागदासमोर खरं बोललो. मला वाटलं, खऱ्याचा वजनकाटा हलतोय.

मॅडम सावकाश म्हणाल्या, "म्हणजे तिच्या रोल नंबरवर बाहेरच्या दोन माणसांनी फॉर्म भरला."

"हो, पण..."

"सर, हिचे लॉगिन बघा."

सरांनी बघितलं. चार वेगवेगळे फोन. ओटीपी जातोय वाशीला, ॲप उघडतंय खारघरला, तेही त्याच मिनिटाला.

"मग हे एकसष्ट टक्के तरी हिचेच कशावरून?" मॅडमनी विचारलं. त्यांनी आवाज चढवला नाही. या लोकांना आवाज चढवायची गरजच पडत नाही.

दर्शू एकदम म्हणाली, "विचारा ना मला, मॅडम. आत्ता विचारा. कुठलाही धडा. जे तास चुकले त्यातलंही विचारा, मी अक्षताच्या वहीतून केलेत सगळे. सर, तुम्ही विचारा."

सर लॅपटॉपकडे बघत राहिले. तिथे दोन शिकलेली माणसं बसली होती, दोघं शिकवण्याचा पगार घेतात, आणि एक मुलगी म्हणत होती, मला प्रश्न विचारा. एकानेही विचारला नाही.

"प्रश्न अभ्यासाचा नाहीये, बाळा," मॅडम म्हणाल्या. "रेकॉर्डचा आहे."

"मॅडम, मला काय शिक्षा करायची ती करा. लिहून देतो. अंगठा देतो."

"काका, आमच्या हातात काही नाही. आज सहा वाजता सिस्टीम लॉक होते. पुढच्या वर्षी परत बसू दे तिला."

बावीस वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. ज्याच्या खुर्चीला चाकं असतात त्याच्या हातात कधीच काही नसतं. आणि ज्यांच्या हाताला घट्टे असतात त्यांचे हात मशीन ओळखत नाही. मग या देशात नक्की कोणाच्या हातात काय आहे?

दारापर्यंत सर सोडायला आले. चेहरा पडलेला होता, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "काका, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माझ्या प्रबंधात मी याचा नक्की उल्लेख करीन."

"त्याचे हिला किती मार्क, सर?"

मागून दार आपोआप बंद झालं.

बसस्टॉपपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. मी तिला सगळं सांगितलं. शेठ बसले होते ते, भगवान हसला ते, गुरुजींचं, साहेबाचं. पाठिंब्याला सहा मागितले तेही सांगितलं. ते ऐकून ती हसली.

"शिव्या तरी दे ग मला."

"कशाला, पप्पा. मी भरला असता तरी पाचच लिहिले असते. वर्गात सगळ्यांसमोर भरत होते. शेजारची बघत असते."

त्या वाक्याने मला जे झालं ते केबिनमध्येही झालं नव्हतं. वाटलं होतं, ही खोड माझ्यापाशी संपली. शिकवलं तेवढ्यासाठीच होतं.

दुसऱ्या दिवशी मार्केटात दहाच्या सुमाराला फोन वाजला. पाठीवर गोणी नव्हती, तरी काढायला वेळ लागला. कॉलेजचं ॲप. विलासभाऊंनी वाचलं. "परीक्षेस अपात्र. पुढच्या वर्षी पुनर्प्रवेशाचा अर्ज करता येईल." मग थांबले. "खाली एक बटण आहे, हौसेराव. 'मी वाचले आहे व मला मान्य आहे.' ते दाबल्याशिवाय पुढचा अर्ज उघडणार नाही म्हणतात." त्यांचं बोट पडद्यावर अधांतरी. "दाबू?"

"नको. तुम्ही नको, मी पण नको."

नाकाने दाबता आलं असतं मला. भगवान समोरच उभा होता. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

दुपारी घरी गेलो. दर्शू अक्षताच्या वह्या गोळा करत होती, परत द्यायला. मी फोन तिच्या हातात दिला. तिने ओढणीच्या टोकाने त्यावरची कांद्याची धूळ पुसली, दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात लागलं. तिची बोटं फोनला कळतात.

फोन माझ्याकडे देता देता तो परत वाजला. तिने बघितलं.

"पप्पा, टोळीच्या ग्रुपवर आलंय. उद्या लासलगावच्या दोन गाड्या आहेत. लवकर बोलावलंय." मग विचारलं, "'हो' पाठवू?"

"पाठव," मी म्हणालो.